स्प्रिंग टाकायची की बायपास करायची?

शीव कोळीवाड्यातल्या माणसाच्या छातीत कळ आली तर त्याला फार लांब जावं लागत नाही. लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं सायन हॉस्पिटल, जवळच आहे. टॅक्सी आंबेडकर रोडला लागली की किंग्ज सर्कल, दादर टीटी, हिंदमाता करत परळला केईएम. पलीकडे माहीमला हिंदुजा, वांद्र्याला लीलावती, बीकेसीत एशियन हार्ट. फाळणीनंतर आलेली पंजाबी-सिंधी कुटुंबं असोत, मूळचे कोळी असोत की प्रतीक्षा नगरच्या बिल्डिंगांत राहायला आलेले गिरणगावकर, हृदयाच्या उपचारांची इतकी दारं पायाशी असलेल्या वस्त्या देशात थोड्या. तरीही या वस्तीत ज्याच्या घरी अँजिओग्राफी झाली, त्याच्या घरी एक प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक वेळा तो नको त्या जागी, नको त्या वेळी येतो. पेशंट आत टेबलावर आडवा, थोरला मुलगा कॅथ लॅबच्या दाराबाहेर, हातात संमतीचा फॉर्म. हिरव्या गाउनमधले डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "तीन नळ्या ब्लॉक आहेत. एक नव्वद टक्के, एक ऐंशी, एक सत्तर. स्प्रिंग टाकता येतील, किंवा बायपास. काय करायचं?" मुलगा मामाला फोन लावतो, मामा ऑफिसातल्या कुणाला तरी विचारतो, तो म्हणतो, आमच्या साहेबांनी स्प्रिंग टाकली, चौथ्या दिवशी कामावर. झालं, सही होते.

त्या सहीआधी एकच गोष्ट कळून घ्यायची असते: हा अटॅक आहे की नाही? पुढचं सगळं यावर ठरतं, आणि नेमकं हेच त्या दारापाशी कुणी विचारत नाही.

अटॅक म्हणजे धमनीतल्या चरबीच्या थराला चीर पडून तिच्यावर रक्ताची गुठळी बसणं आणि नळी अचानक पूर्ण बंद होणं. त्या नळीवर जगणारा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरू लागतो. अशा वेळी स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, याला तोड नाही. मनगटातून तार सरकवायची, गुठळी ओलांडायची, फुगा फुगवायचा, जाळी बसवायची, रक्त सुरू. दवाखान्याच्या दारापासून फुगा फुगेपर्यंत नव्वद मिनिटांच्या आत हे व्हावं असं जगभर मानतात. कॅथ लॅब जवळ नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, आणि मग मोठ्या दवाखान्यात अँजिओग्राफी. इथे नातेवाईकांनी वेळ घालवणं म्हणजे स्नायू घालवणं. सही करा, प्रश्न नंतर विचारा.

पण ज्याला जिना चढताना छाती भरून येते, बसलं की बरं वाटतं, आणि महिनोन्‌महिने हे असंच चाललंय, त्याचं तसं नाही. त्याच्या नळ्या वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू अरुंद झाल्यात. त्याच्याकडे दिवस आहेत, आठवडेही आहेत. नव्वद टक्के हा आकडा ऐकून नातेवाईकांच्या पायाखालची जमीन सरकते, पण त्याच नव्वद टक्क्यांसह तो गेल्या आठवड्यात भाजी घेऊन चार मजले चढला असतो. टेबलावरून उतरून घरी जायला हरकत नसलेल्या अशा माणसाचा निर्णय टेबलावरच घ्यायची घाई का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. तार आत गेलीच आहे तर एकाच खर्चात काम होऊन जाईल, ही सोय खरी आहे. पण ती सोय आहे, उपचाराची गरज नव्हे.

आता आत काय होतं ते जवळून पाहू. स्टेंट म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूची बारीक जाळीदार नळी. फुगवल्यावर तिचा व्यास साधारण तीन मिलिमीटर, जाळीच्या काड्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. ती फुग्यावर आवळून बसवलेली असते. अरुंद जागी नेऊन फुगा बारा-चौदा ॲटमॉस्फिअरच्या दाबाने फुगवला की जाळी उमलते, चरबी भिंतीत दाबली जाते, फुगा रिकामा करून काढून घेतात, जाळी जन्मभर आत राहते. आजच्या जाळ्यांवर औषधाचा थर असतो. ते औषध भिंतीच्या पेशींना वेडंवाकडं वाढू देत नाही, नाहीतर सहा महिन्यांत जाळीच्या आतच नवा अडथळा तयार होतो. माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो. मनगटावर चिकटपट्टी, बाकी काही नाही.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापतात. छातीच्या आतल्या बाजूने बरगड्यांलगत उतरणारी एक धमनी अलगद सोडवतात आणि तिचं खालचं टोक हृदयाच्या समोरच्या मोठ्या धमनीला अडथळ्याच्या पुढे जोडतात. ही जोडायची नळी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, आणि टाके घालायचे ते डोळ्यांवर भिंग लावून. बाकीच्या नळ्यांसाठी पायातली नस किंवा हातातली धमनी काढून वापरतात. आपल्याकडे बरेच सर्जन हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावर हे करतात. शेवटी हाड पोलादी तारांनी आवळतात. हाड जुळायला दीड-दोन महिने, तोवर पाण्याची बादली उचलायची नाही.

एक सुखाचं, एक कष्टाचं. मग कष्टाचं कुणी करावं कशाला? उत्तर आपल्याच रस्त्यावर आहे. आंबेडकर रोडवर एका जागचा खड्डा बुजवला तर तेवढी जागा सपाट होते. पुढच्या पावसात दोनशे मीटरवर दुसरा पडतो. लालबागच्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला खाली कुठे नवा खड्डा पडला याच्याशी देणंघेणं नसतं. स्टेंट एक जागा दुरुस्त करतो. बायपास अडथळ्याच्या बराच पुढे जाऊन उतरतो, त्यामुळे मागचा सगळा पट्टा, त्यातले आजचे अडथळे आणि पाच वर्षांनी होणारे, सगळेच ओलांडले जातात. आणि अटॅक बहुतेकदा नव्वद टक्क्यांच्या जागी येत नाही. तीस-चाळीस टक्क्यांच्या, कुणाच्या नजरेत न भरलेल्या थराला चीर पडते तेव्हा येतो. म्हणून ज्याच्या नळ्या लांबवर, जागोजागी खराब आहेत त्याला बायपासचा फायदा जास्त, आणि ज्याचा एकच आखूड अडथळा आहे त्याची छाती उघडणं हा अतिरेक.

हे ज्ञान आकाशातून पडलं नाही, आणि त्यातला एक तुकडा परळचा आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीचं चित्र काढत होते. नळी चुकून हृदयाच्या उजव्या धमनीत शिरली आणि सगळा रंग तिथेच गेला. हृदय आता फडफडून बंद पडणार या धास्तीने सोन्स धावले. ते काही सेकंद थांबलं, रुग्ण खोकला, आणि ते पुन्हा सुरू झालं. जिवंत माणसाच्या हृदयाच्या नळ्या दिसू शकतात हे त्या दिवशी कळलं. दिसल्यावर दुरुस्तीची घाई सुरू झाली. १९६७ मध्ये त्याच क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी पायातली नस वापरून बायपासची पद्धत बसवली. हे फावालोरो अर्जेंटिनाच्या खेड्यात बारा वर्षं साधी डॉक्टरकी करून तिथे गेलेले. भारतातली पहिली बायपास १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली.

पण फावालोरोंच्याही आधी, १९६५ मध्ये, केईएममधल्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या तुकडीने एक अफलातून कल्पना मांडली होती. सापाच्या हृदयाला आपल्यासारख्या धमन्यांचं जाळं नसतं. पोकळीतलं रक्त स्नायूतल्या फटींतून झिरपतं आणि स्नायू त्यावरच जगतो. मग माणसाच्या हृदयाला तसं का करू नये? सेन, तेहेमटन उदवाडिया, विकृतिशास्त्राचे किनरे आणि परुळकर यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या स्नायूत सुयांनी बारीक छिद्रं पाडून पोकळीतलं रक्त सरळ स्नायूत उतरवण्याचा प्रयोग केला आणि त्याला स्नायूचं ॲक्युपंक्चर म्हटलं. हा मार्ग टिकला नाही. पुढे लेझरने तीच छिद्रं पाडून पाहिली गेली, तरी बायपाससमोर ती कल्पना मागेच पडली. तरी परळच्या महापालिकेच्या इस्पितळात, जिथे आजही ओपीडीच्या रांगा फुटपाथवर येतात, त्या काळात हा विचार झाला याचं मला कायम अप्रूप वाटतं. याच सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयरोपणानंतर अडीच महिन्यांत, केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला.

सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा हृदयाची नळी फुग्याने रुंद केली. हे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवून पाहिले होते. पहिला रुग्ण अडतीस वर्षांचा, आणि त्याची ती नळी वीस-पंचवीस वर्षांनीही उघडीच होती. सगळेच इतके नशीबवान नव्हते: नुसत्या फुग्याने उघडलेल्या नळ्यांपैकी तीसेक टक्के काही महिन्यांत पुन्हा आवळायच्या. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूज शहरात पहिली जाळी बसली, आणि २००२-०३ च्या सुमारास औषधाचा थर असलेल्या जाळ्या बाजारात आल्या. आपल्याकडे अँजिओप्लास्टी रुजवणारे डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिक्कल ग्रुंट्झिग यांच्या हाताखाली शिकून आलेले. मुंबईतही त्यांनी बरीच वर्षं काम केलं.

औषधी जाळ्या आल्यावर सर्जनची दुकानं बंद होणार असं बोललं जाऊ लागलं. मग खरी मोजणी झाली. २००९ मध्ये आलेल्या सिंटॅक्स अभ्यासात तीन नळ्या किंवा डावी मुख्य धमनी खराब असलेले १,८०० रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. वर्षभरात मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा उपचार यांपैकी काहीतरी घडलेले स्टेंटच्या गटात १७.८ टक्के, बायपासच्या गटात १२.४ टक्के. फरक मुख्यतः पुन्हा टेबलावर यावं लागण्याचा होता. उलट पक्षाघात बायपासमध्ये जास्त, २.२ विरुद्ध ०.६ टक्के. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तीन नळ्यावाल्यांत बायपास झालेले जास्त जगले होते. नुसती डावी मुख्य धमनी खराब असलेल्यांत मात्र दोन्ही गट सारखे. त्या अभ्यासाने एक गुणपत्रिकाही दिली: अडथळे किती, कुठे, किती वाकडे, किती चुना साचलेला, यांचे गुण. बावीसपर्यंत असतील तर स्टेंट चालून जातो, तेहेतीस आणि वर गेले तर सर्जनकडे जावं. अँजिओग्राफीच्या कागदावर हा आकडा क्वचितच लिहिलेला असतो, पण विचारला तर डॉक्टर काढून देतात.

मधुमेह असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो, आणि आपल्या वस्तीत तो नसलेलं घर शोधावं लागेल. मधुमेहात नळ्या एका जागी नाही, लांबच्या लांब खराब होतात. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात एकाहून जास्त नळ्या खराब असलेले १,९०० मधुमेही होते. पाच वर्षांत स्टेंटच्या गटातले १६.३ टक्के गेले, बायपासच्या गटातले १०.९ टक्के. शंभरामागे पाच जीव हा फरक हृदयरोगात प्रचंड मानतात. इथेही पक्षाघात बायपासमध्ये जास्त, ५.२ विरुद्ध २.४ टक्के, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही साठीच्या आतबाहेरच्या, तीन नळ्या खराब असलेल्या मधुमेह्याला कुणी न विचारता चार स्प्रिंगा टाकल्या असतील, तर त्याच्यावर अन्याय झाला असं मी म्हणेन. हृदयाचं पंपिंग खूप कमी झालेल्यांतही वर्षानुवर्षांच्या हिशेबात बायपासनेच फायदा दाखवला आहे. तिथे स्टेंटने औषधांच्या वर काही मिळवून दिलं नाही.

उलट बाजूही आहे. ऐंशी वर्षांच्या, फुप्फुसं थकलेल्या, किडनी अर्धवट चालणाऱ्या आजोबांची छाती उघडणं शहाणपणाचं नसतं. त्यांना पुढच्या दहा वर्षांच्या गणितापेक्षा पुढचा महिना महत्त्वाचा. अनुभवी हातांत ठरवून केलेल्या बायपासमध्ये जिवाचा धोका साधारण शंभरात एक-दोन, पण ते शंभर धडधाकट असतात. आणि बायपासही अमर नसते. छातीतली धमनी दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून जास्त जणांत चालू सापडते; पायातल्या नसा तोवर निम्म्याच्या आसपास बंद किंवा खराब झालेल्या असतात. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झाली, दुसरी जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये, आणि ती करणारे डॉ. रमाकांत पांडा आपल्या बीकेसीतले. त्यानंतरही ते पाच वर्षं पंतप्रधान होते. दादरकरांच्या ओळखीचं उदाहरण ठाकरे घराण्याचं: बाळासाहेबांची बायपास डॉ. नीतू मांडके यांनी केली, उद्धव यांची २०१२ मध्ये लीलावतीत अँजिओप्लास्टी झाली. एकाच घरात दोन उत्तरं, कारण माणसं दोन, नळ्या वेगळ्या. आणि मांडके स्वतः मे २००३ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले.

तिसरं उत्तरही आहे, ते कुणाला ऐकायचं नसतं: दोन्ही नको. २०२० मध्ये छापून आलेल्या इस्केमिया अभ्यासात सदतीस देशांतले पाच हजारांवर स्थिर रुग्ण होते, भारतातलेही. चांगली औषधं घेणाऱ्यांना वर स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र ज्यांना होतं त्यांचं कमी झालं. डावी मुख्य धमनी खराब असलेले आणि पंपिंग फार कमी असलेले त्यात नव्हते, ही अट विसरायची नाही. लंडनच्या ऑर्बिटा अभ्यासात तर अर्ध्या लोकांना झोपवून तार घातली आणि स्टेंट न बसवताच काढली. पुढे दोन्ही गटांच्या ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत म्हणावा तसा फरक निघाला नाही. त्याच मंडळींनी २०२३ मध्ये दुखण्याची औषधं बंद ठेवून पुन्हा पाहिलं, तेव्हा स्टेंटने दुखणं कमी होतं हे दिसलं. म्हणजे स्थिर रुग्णात स्टेंट मुख्यतः आराम देतो, आयुष्य वाढवतोच असं नाही. दुखणं औषधांनी आटोक्यात असेल तर थांबता येतं.

डॉक्टरांचंही एकमत नसतं. २०२१ मध्ये अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तीन नळ्या खराब पण पंपिंग चांगलं अशा रुग्णांत बायपासची शिफारस बरीच खाली उतरवली. सर्जनच्या दोन मोठ्या अमेरिकी संघटनांनी त्यावर सही करायला नकार दिला. स्टेंट टाकणारा आणि बायपास करणारा हे वेगवेगळे डॉक्टर आहेत, आणि दोघांनाही आपलं काम येतं तेच आधी सुचतं. म्हणून मोठ्या केंद्रांत दोघांनी एकत्र बसून निर्णय घ्यायची पद्धत आहे. आपल्याकडे कागदावर सगळे ती मानतात; प्रत्यक्षात ते एकत्र बसणं बहुतेकदा नातेवाइकालाच घडवून आणावं लागतं.

पैशांचं सांगून टाकतो, कारण निम्मे निर्णय तिथेच होतात. फेब्रुवारी २०१७ पर्यंत औषधी स्टेंटची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या घरात होती. केंद्राच्या किंमत प्राधिकरणाने ती एका फटक्यात २९,६०० रुपयांवर आणली, बिनऔषधीची ७,२६० वर. बिल मात्र तितक्या पटीत उतरलं नाही, कारण बिलात खोली, तारा, फुगे, फी असं बरंच असतं. चार जाळ्या म्हणजे चार किमती, हेही असतंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत स्टेंट आणि बायपास दोन्ही बसतात, तेव्हा खर्चासाठी एकाकडे झुकायचं कारण उरत नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सहा महिने ते वर्षभर न चुकता घ्याव्या लागतात. दात काढायचाय म्हणून कुणी त्या परस्पर बंद केल्या तर जाळी गुठळीने बंद होऊ शकते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट. हे डिस्चार्जच्या गडबडीत सांगितलेलं घरात कुणाच्या लक्षात राहत नाही.

तेव्हा अटॅक नसेल आणि टेबलावरून प्रश्न आला तर म्हणायचं, आज फक्त अँजिओग्राफी, बाकी नंतर. सीडी मागून घ्यायची. ती पेशंटची असते, द्यायला कुणी नाही म्हणत नाही. सीडीबरोबर टू डी इकोचा कागद आणि साखरेचा रिपोर्ट ठेवायचा. एका स्टेंटवाल्याला दाखवलं असेल तर दुसरं मत सर्जनचं घ्यायचं, दुसऱ्या स्टेंटवाल्याचं नाही. सायन किंवा केईएमच्या ओपीडीत केसपेपर काढून बसलं तर ते मत जवळजवळ फुकट मिळतं, अर्धा दिवस मोडतो एवढंच. विचारायचं ते सरळ: अडथळा नेमका कुठे आहे, डावी मुख्य धमनी आहे का, गुण किती, पंपिंग किती, औषधांवर थांबलो तर काय होईल. आणि अडथळा सत्तर टक्क्यांच्या आसपास असेल तर तारेने दाब मोजून पाहिला का, हेही. कारण डोळ्यांना सत्तर दिसणारे बरेच अडथळे दाब मोजल्यावर निरुपद्रवी निघतात, आणि तिथे ना स्प्रिंग लागते ना करवत.